ओसाड मनोरुग्णालयांची छायाचित्रे : इतिहासाचे साधन म्हणून एक चिकित्सा

इतिहासलेखनात छायाचित्राचा उपयोग बहुधा लिखित साधनाला जोड म्हणून होतो. मजकूर कागदपत्रांवरून सिद्ध करावयाचा आणि छायाचित्र पानावर शोभेला लावावयाचे, अशीच आपली रीत आहे. परंतु गेल्या काही दशकांत अमेरिकेत आणि युरोपात ओसाड पडलेल्या वास्तूंच्या छायाचित्रणाचा एक स्वतंत्र प्रवाह निर्माण झाला असून त्यात बंद पडलेल्या मनोरुग्णालयांना मानाचे स्थान आहे. पोपडे धरलेल्या भिंती, लांबलचक रिकामे वऱ्हांडे आणि वऱ्हांड्याच्या टोकाशी एकटी चाकांची खुर्ची ही दृश्ये आता सर्वपरिचित झाली आहेत. सामान्य वाचकाच्या मनातील मनोरुग्णालयांचा इतिहास पुष्कळ अंशी याच चित्रांनी घडविला आहे. म्हणून ती साधन म्हणून कितपत विश्वसनीय आहेत, हे तपासणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात हा विचार अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांपुरता मर्यादित ठेवला आहे.

या वास्तूंचा जन्म क्रौर्यातून नव्हे, तर सुधारणेच्या प्रेरणेतून झाला, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. १८४३ साली डोरोथिआ डिक्स यांनी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाला निवेदन सादर करून तुरुंगांत आणि निराधारांच्या आश्रयगृहांत साखळदंडांनी जखडलेल्या मनोरुग्णांची स्थिती उघड केली. त्याच सुमारास फिलाडेल्फिया येथील डॉक्टर थॉमस स्टोरी कर्कब्राइड (१८०९-१८८३) हे रुग्णालयाची इमारत हेच एक औषध मानून तिची रचना कशी असावी, याचा विचार करीत होते. १८५४ साली त्यांनी या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मध्यभागी प्रशासकीय इमारत, तिच्या दोन्ही बाजूंना टप्प्याटप्प्याने मागे सरकत जाणारे विभाग, एका बाजूस पुरुष तर दुसऱ्या बाजूस स्त्रिया अशी ही योजना होती. शांत रुग्ण मध्याजवळ आणि प्रक्षुब्ध रुग्ण टोकाशी ठेवले जात. उडत्या पक्ष्यांच्या रांगेसारख्या या आकारामुळे प्रत्येक विभागाला उजेड, वारा आणि बाहेरील हिरवळ लाभत असे. खिडक्यांचे गज तुरुंगाची आठवण करून देऊ नयेत म्हणून लोखंडी चौकट खिडकीच्या नक्षीतच मिसळून टाकण्याची सूचनाही त्यात आहे. एका रुग्णालयात २५० हून अधिक रुग्ण नसावेत आणि त्यासाठी किमान शंभर एकर जमीन असावी, असा त्यांचा आग्रह होता.

विशेष म्हणजे याच कर्कब्राइड यांनी छायाचित्राचा उपयोग उपचारासाठी केला. फिलाडेल्फियातील लँगेनहाइम बंधूंनी काचेवर तयार केलेली छायाचित्रे जादूच्या दिव्याने पडद्यावर दाखवून रुग्णांची संध्याकाळ रमविली जात असे. इंग्लंडमध्ये १८५० च्या दशकात ह्यू वेल्च डायमंड हे सरे परगण्यातील मनोरुग्णालयात स्त्री-रुग्णांची छायाचित्रे घेऊन त्यांतून रोगाची लक्षणे वाचू पाहत होते. तेव्हा छायाचित्रण आणि मनोरुग्णालय यांचा संबंध ओसाडपणातून आलेला नाही. दोघे जवळजवळ एकाच वेळी वाढले. फरक एवढाच की, आरंभी चित्रात माणूस होता.

कर्कब्राइड यांची संख्यामर्यादा फार काळ टिकली नाही. रुग्णालय-अधीक्षकांच्या संघटनेनेच १८६६ मध्ये ती ६०० पर्यंत वाढविली आणि त्यानंतर ती कोणी पाळली, असे दिसत नाही. मॅसॅच्युसेट्समधील डॅन्व्हर्स येथील रुग्णालय १८७८ मध्ये सुरू झाले, ते पाच-सहाशे रुग्णांसाठी. १९३० च्या दशकाअखेर तेथे २,३०० च्या वर रुग्ण होते. न्यू जर्सीतील ग्रेस्टोन पार्क येथे १९५३ साली ही संख्या साडेसात हजारांपलीकडे गेली, तर न्यूयॉर्कच्या पिलग्रिम रुग्णालयात १९५४ मध्ये ती तेरा हजारांहून अधिक होती. १९५५ साली देशातील सरकारी मनोरुग्णालयांत मिळून सुमारे ५,५९,००० माणसे राहत होती. एवढ्या लोकवस्तीच्या संस्था पुढील चार दशकांत रिकाम्या झाल्या. १९५४ पासून क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरात आले. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. १९६५ च्या मेडिकेड योजनेने मनोरुग्णालयांतील प्रौढ रुग्णांचा खर्च देण्याचे नाकारल्यामुळे राज्यांना रुग्ण अन्यत्र हलविणेच परवडू लागले. यांपैकी तिसरे कारण सर्वांत कमी सांगितले जाते. माझ्या मते त्याचे वजन मोठे आहे.

आता छायाचित्रांकडे वळू. वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतलेले छायाचित्रकार ख्रिस्तोफर पेन यांनी २००२ ते २००८ या काळात तीस राज्यांतील सत्तर संस्थांत जाऊन छायाचित्रे घेतली. २००९ मध्ये ती ग्रंथरूपाने आली आणि ब्राँक्स येथील मनोरुग्णालयात अनेक वर्षे काम केलेले मज्जाविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी तिला दीर्घ निबंध जोडला. या संग्रहाचे मोल असे की, त्यात केवळ कोठड्या नाहीत. बेकरी, धुलाईघर, वीजघर, चपलांचा कारखाना, नाट्यगृह अशी स्वयंपूर्ण गावाची सगळी अंगे त्यात दिसतात. रुग्णांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या दात घासण्याच्या ब्रशांचे कपाट हे त्यांतील एक चित्र एखाद्या वार्षिक अहवालापेक्षा अधिक सांगते. प्रत्येकाचा ब्रश वेगळा ठेवण्याइतकी काळजी आणि सर्वांचे ब्रश एकाच कपाटात टांगण्याइतकी शिस्त, या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र आहेत.

तथापि ही शेते आणि हे कारखाने वॉर्डांच्या आधीच का थांबले, हे चित्र सांगू शकत नाही. तेथील श्रम बहुतांशी रुग्णांचे आणि बिनपगारी होते. १९७३ मध्ये संघीय न्यायालयाने रुग्णांनाही किमान वेतनाचा कायदा लागू असल्याचा निर्णय दिला आणि या व्यवस्थेचा आर्थिक पायाच निखळला. रुग्णाच्या हक्काचा हा विजय होता, हे निर्विवाद. परंतु त्याच निर्णयानंतर अनेक संस्थांत रुग्णांना दिवसभर करण्यासारखे काही उरले नाही, असे सॅक्स यांनी नोंदविले आहे. त्यांच्या निबंधाचा सूर जुन्या आश्रयस्थानांविषयी काहीसा हळवा आहे आणि तो सर्वस्वी मान्य करणे कठीण जाते. मात्र त्यांचा हा मुद्दा टाळता येत नाही.

या छायाचित्रांच्या वाचनातील सर्वांत मोठा दोष कालविपर्यासाचा आहे. भिंतीवरून सुटलेले रंगाचे पापुद्रे पाहणाऱ्याला रुग्णांच्या हालअपेष्टांची खूण वाटतात. वस्तुतः ते इमारत बंद झाल्यानंतरचे असतात. हिवाळ्यात तापविण्याची यंत्रणा बंद केली, छपराच्या तांब्याच्या पट्ट्या चोरीस गेल्या, पाणी आत झिरपून गोठले आणि वितळले की, पाच-सात वर्षांत कोणत्याही इमारतीचे हेच होते. चित्रातील क्षय प्रशासनाच्या नंतरच्या अनास्थेचा पुरावा आहे. आधीच्या उपचारांचा नव्हे. डॅन्व्हर्स १९९२ मध्ये बंद झाले आणि तेथे चित्रित झालेला भयपट २००१ मध्ये प्रदर्शित झाला. त्यासाठी इमारतीवर फारसे सोपस्कार करावे लागले नसावेत, इतकी ती तोवर जीर्ण झाली होती. २००६ मध्ये तिचा बहुतांश भाग पाडून निवासी सदनिका बांधण्यात आल्या आणि मध्यवर्ती दर्शनी भाग तेवढा राखला गेला.

याचा अर्थ तेथे हाल झाले नाहीत, असा मुळीच नाही. किंबहुना हालांचा पुरावा देणारी छायाचित्रे वेगळी आहेत आणि ती ओसाड नाहीत. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरण्यास धर्मबुद्धीने नकार देणाऱ्या सुमारे तीन हजार तरुणांना मनोरुग्णालयांत सेवक म्हणून पाठविण्यात आले. त्यांपैकी चार्ल्स लॉर्ड या क्वेकर पंथीय तरुणाने फिलाडेल्फियाजवळील बायबेरी रुग्णालयात लपवून आणलेल्या कॅमेऱ्याने चित्रे घेतली. उघड्या फरशीवर भिंतीला टेकून बसलेले कित्येक नग्न पुरुष त्यांत दिसतात. ६ मे १९४६ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात अल्बर्ट मेझेल यांच्या लेखासोबत अशी चित्रे छापली गेली आणि देशभर खळबळ उडाली. त्या खोल्या तेव्हा वापरात होत्या. बायबेरी १९९० मध्ये बंद झाले. त्यानंतर पाडले जाईपर्यंत म्हणजे २००६ पर्यंत हौशी छायाचित्रकार तेथे रात्री शिरत राहिले. एकाच वास्तूचे हे दोन चित्रसंच शेजारी ठेवले असता दिसते की, दुसऱ्या संचात भय अधिक आहे आणि माहिती कमी. पहिल्याने धोरणावर परिणाम घडविला, दुसऱ्याची भिंतीवर टांगण्याची चित्रे झाली.

दुसरी उणीव अशी की, रिकामा वॉर्ड पाहणाऱ्याला कथा संपली असे वाटते. येथे राहणारे कोठे गेले, हा प्रश्न चौकटीबाहेरच राहतो. योजलेल्या सामुदायिक केंद्रांपैकी सुमारे निम्मीच अस्तित्वात आली. बरेच वृद्ध शुश्रूषागृहांत गेले, काही घरी परतले, काही रस्त्यावर आले आणि पुष्कळ तुरुंगांत पोहोचले. डिक्स यांनी ज्या ठिकाणाहून त्यांना सोडविले होते, तेथेच. न्यूयॉर्क राज्यातील विलार्ड येथे तर ही गोष्ट एकाच आवारात घडली. १८६९ मध्ये सुरू झालेले हे मनोरुग्णालय १९९५ मध्ये बंद झाले आणि त्याच जागी व्यसनमुक्तीसाठी राज्याचा तुरुंग उघडण्यात आला. तोही २०२२ मध्ये बंद झाला.

विलार्डचा उल्लेख आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. रुग्णालय बंद होताना एका इमारतीच्या पोटमाळ्यावर चारशेहून अधिक पेट्या आणि ट्रंका सापडल्या. दाखल होताना रुग्णांनी बरोबर आणलेले आणि पुढे कधीच परत न नेलेले ते सामान होते. राज्य संग्रहालयाने ते ताब्यात घेतले. २००४ मध्ये त्याचे प्रदर्शन भरले, २००८ मध्ये डार्बी पेनी आणि पीटर स्टॅस्टनी यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. २०११ पासून जॉन क्रिस्पिन हे छायाचित्रकार एकेक पेटी उघडून, तिच्यातील कपडे, पत्रे, भांडी, घड्याळे क्रमाने मांडून चित्रित करू लागले. ऑरेगनमध्ये डेव्हिड मेझेल यांनीही याच जातीचे काम केले. तेथील रुग्णालयात दहन झालेल्या सुमारे साडेतीन हजार बेवारस रुग्णांच्या अस्थी तांब्याच्या डब्यांत भरून ठेवल्या होत्या. २००८ मध्ये त्यांनी या डब्यांची चित्रे प्रसिद्ध केली. डब्यांवर हिरवी-निळी पुटे चढून प्रत्येकाचा रंग वेगळा झाला आहे. चित्रे विलक्षण देखणी आहेत आणि हे देखणेपणच मला काहीसे अस्वस्थ करते. तथापि या दोन्ही कामांत इमारतीऐवजी व्यक्ती मोजली जाते आणि संशोधकाला चित्रावरून दप्तराकडे जाण्याची वाट मिळते.

ती वाट दोन राज्यांत दोन प्रकारे पुढे गेली. ऑरेगनने डब्यांवरील नावांची यादी प्रसिद्ध केली. त्यानंतर काही कुटुंबांनी आपल्या पूर्वजांच्या अस्थी नेल्या आणि २०१४ मध्ये उरलेल्यांसाठी स्मारक उभे राहिले. न्यूयॉर्कमध्ये मात्र वैद्यकीय गोपनीयतेच्या नियमांमुळे विलार्डच्या रुग्णांची आडनावे प्रकट करण्यास राज्याने अनुमती दिली नाही. पेनी आणि स्टॅस्टनी यांना ग्रंथात आडनावे बदलून वापरावी लागली आणि पेट्यांवर स्वच्छ अक्षरांत रंगविलेली नावे छायाचित्रांत झाकली गेली.