मानवेंद्रनाथ रॉय यांचा घटना-मसुदा (१९४४) : दोन निवडणुकांमधील मतदाराचा प्रश्न

प्रास्ताविक

भारतीय संविधानाच्या निर्मितीचा इतिहास शिकविताना आपण साधारणतः १९३५ चा कायदा, १९४६ ची त्रिमंत्री योजना आणि ९ डिसेंबर १९४६ रोजी सुरू झालेले संविधान सभेचे कामकाज या क्रमाने जातो. या राजमार्गाच्या बाहेर स्वतंत्र भारतासाठी जे पर्यायी मसुदे तयार झाले, त्यांचा उल्लेख बहुधा तळटीपेपुरता होतो. मानवेंद्रनाथ रॉय यांनी १९४४ मध्ये सिद्ध केलेला ‘स्वतंत्र भारताची राज्यघटना’ हा मसुदा त्यांपैकी एक होय. हा मसुदा अव्हेरला गेला, तरी त्याने उपस्थित केलेला प्रश्न अव्हेरता आलेला नाही, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

पार्श्वभूमी

रॉय (१८८७–१९५४) हे १९२० च्या दशकात आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट चळवळीतील अग्रणी होते. १९२९ मध्ये त्या चळवळीतून त्यांना बाहेर काढण्यात आले. १९३० मध्ये ते भारतात परतले, १९३१ मध्ये मुंबईत पकडले गेले आणि १९३६ मध्ये कारावासातून मुक्त झाले. भारतात संविधान सभेची मागणी प्रथम मांडणाऱ्यांत त्यांची गणना होते. १९४० मध्ये त्यांनी रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष स्थापन केला. महाराष्ट्रात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि वि. म. तारकुंडे यांच्यासारखे विचारवंत त्यांच्याभोवती एकत्र आले. फॅसिझमचा पराभव ही भारतीय स्वातंत्र्याची पूर्वअट आहे, या भूमिकेतून रॉय यांनी युद्धप्रयत्नांना पाठिंबा दिला आणि १९४२ च्या आंदोलनास विरोध केला. परिणामी त्यांचा पक्ष लोकमानसापासून दूर राहिला आणि मसुद्याकडेही त्याच्या गुणदोषांवर न पाहता कर्त्याच्या राजकीय भूमिकेवरून पाहिले गेले.

मसुद्याचे मध्यवर्ती सूत्र

संसदीय लोकशाहीत मतदार एकाकी असतो, हे रॉय यांचे निदान होते. मतदानाच्या दिवशी तो सार्वभौम असतो. दुसऱ्या दिवसापासून सत्ता पक्षांच्या हाती जाते व मतदाराजवळ तिच्यावर अंकुश ठेवण्याचे साधन उरत नाही. यावर उपाय म्हणून मसुद्याने गावे, नगरे व शहरे यांतून सर्व प्रौढांनी दरवर्षी निवडावयाच्या लोकसमित्या सुचविल्या. त्यांची सदस्यसंख्या त्या ठिकाणच्या मतदारसंख्येच्या एक-पन्नासांश असावयाची होती. उमेदवार सुचविणे, प्रस्तावित कायद्यांवर मत देणे, स्वतः कायद्याचा प्रस्ताव मांडणे, सार्वमताची मागणी करणे आणि विश्वास गमावलेल्या प्रतिनिधीस परत बोलाविणे, असे अधिकार या समित्यांद्वारे जनतेस मिळणार होते. मध्यवर्ती पातळीवर संघीय प्रतिनिधिगृह आणि निरनिराळ्या विद्याशाखांतील व व्यवसायांतील जाणत्यांना स्थान देणारे राज्यमंडळ मिळून सर्वोच्च लोकपरिषद बनावयाची होती.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. वर्धा येथील श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या गांधीवादी घटनेतही गाव हाच पाया होता. परंतु तेथील प्रेरणा स्वावलंबी ग्रामजीवनाची होती. रॉय यांना गावाचे आकर्षण नव्हते. त्यांच्या दृष्टीने लोकसमिती ही नागरिकाच्या राजकीय शिक्षणाची शाळा होती. राष्ट्रीय शासनावरील नियंत्रणाचे ते साधन होते.

डॉ. आंबेडकरांचा आक्षेप

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा सभेपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावाच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली आणि गावाऐवजी व्यक्ती हा घटक स्वीकारल्याबद्दल समाधान व्यक्त केले. ही टीका रॉय यांना उद्देशून नव्हती. तथापि ती त्यांच्या मसुद्याच्या वर्मावरही नेमके बोट ठेवते. लोकसमितीत बसलेला प्रौढ नागरिक निर्भयपणे बोलेल, हे रॉय यांनी गृहीत धरले होते. ज्या गावात पाणवठा वेगळा, वस्ती वेगळी आणि मजुरी जमीनमालकाच्या मर्जीवर, त्या गावात भूमिहीन दलिताने सभेत उघडपणे जमीनमालकाविरुद्ध हात वर करावा कसा? प्रतिनिधीस परत बोलाविण्याचा अधिकार अशा ठिकाणी दुर्बलांचा आवाज मांडणाऱ्या प्रतिनिधीविरुद्धच वापरला जाण्याचा धोका होता. व्यक्तीच्या हक्कांना न्यायालयीन संरक्षण देणारी घटना ही त्या परिस्थितीत अधिक लोकशाहीवादी निवड होती, असेच म्हणावे लागते.

उत्तरकालीन घडामोडी

२२ नोव्हेंबर १९४८ रोजी के. संथानम यांची दुरुस्ती आंबेडकरांनी स्वीकारली व ग्रामपंचायतींचा उल्लेख मार्गदर्शक तत्त्वांत (अनुच्छेद ४०) आला. डिसेंबर १९४८ मध्ये रॉय यांनी आपला पक्षच विसर्जित केला. पुढे १९७४ च्या आंदोलनात जयप्रकाश नारायण यांनी प्रतिनिधीस परत बोलाविण्याच्या हक्काचा पुरस्कार केला. त्याच काळात तारकुंडे हे निवडणूक सुधारणांच्या प्रश्नावर त्यांचे सहकारी होते. २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आलेल्या ७३ व्या दुरुस्तीने ग्रामसभेस घटनात्मक स्थान दिले आणि अनुसूचित जाती, जमाती व स्त्रियांसाठी जागा राखीव केल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांचे प्रमाण निम्म्यावर नेले. रॉय यांची स्थानिक संस्था आणि आंबेडकरांची सामाजिक न्यायाची अट येथे प्रथमच एकत्र आल्या.

मात्र राष्ट्रीय पातळीवर प्रवास उलट दिशेने झाला. १९८५ च्या ५२ व्या दुरुस्तीने पक्षांतरास आळा घालण्यासाठी दहावी अनुसूची जोडली. हेतू योग्य होता. परंतु पक्षादेशाविरुद्ध मत देणारा खासदार आपले पद गमावू शकतो, आणि मतदारांचा विश्वास गमावलेला खासदार मात्र मुदत संपेपर्यंत सुरक्षित असतो. प्रतिनिधीस परत बोलाविण्याचा अधिकार व्यवहारतः मतदाराऐवजी पक्षाकडे गेला.

समारोप

रॉय यांचे उत्तर भारतीय समाजाच्या विषमतेपुढे अपुरे होते. त्यांचा प्रश्न मात्र अचूक होता. दोन निवडणुकांच्या दरम्यान नागरिकाच्या हाती कोणती सत्ता असते? आरक्षणासह आलेल्या ग्रामसभेने गावापुरते या प्रश्नाचे अंशतः उत्तर दिले आहे. संसदेच्या संदर्भात तो आजही अनुत्तरित आहे. राज्यघटनेत बदल सुचविणाऱ्या प्रत्येक योजनेस यापुढे दोन कसोट्या लावाव्या लागतील : ती मतदारास सत्ता देते काय, ही रॉय यांची, आणि ती सर्वांत दुर्बल मतदारास निर्भय करते काय, ही आंबेडकरांची. यांपैकी एकच कसोटी उतरणारी योजना अधिक लोकशाहीवादी म्हणता येणार नाही.