देवावर बंदी घालणारा देश

१९४६ साली अल्बानियात नव्या कम्युनिस्ट सरकारची राज्यघटना आली. तिच्यात धर्मस्वातंत्र्याची हमी होती. ३० वर्षांनी दुसरी घटना आली. तिच्या कलम ३७ ने सांगितलं की राज्य कुठलाच धर्म मानत नाही. धार्मिक संघटना काढायलाही तिने बंदी घातली.

हे एका रात्रीत घडलं नाही. आधी मशिदींच्या आणि चर्चच्या जमिनी गेल्या. मग धर्मगुरू तुरुंगात गेले, काहींना गोळ्या घातल्या गेल्या. १९५१ मध्ये तिथल्या कॅथलिक चर्चला व्हॅटिकनशी नातं तोडायला लावलं. या सगळ्या काळात १९४६ ची हमी कागदावर शाबूत होती.

६ फेब्रुवारी १९६७ ला एनवर होजा यांनी भाषण केलं आणि त्यानंतर तरुणांच्या टोळ्या प्रार्थनास्थळांवर चालून गेल्या. बहुसंख्य मुस्लिम, दक्षिणेत ऑर्थोडॉक्स, उत्तरेत कॅथलिक असा हा देश. कुणीच सुटलं नाही. २,१६९ धर्मस्थळं बंद झाल्याचं तिथल्याच एका मासिकाने मिरवून सांगितलं. श्कोडर शहरातल्या कॅथेड्रलचं क्रीडागृह झालं.

धर्म मग घराच्या भिंतीआड गेला. पण सरकार तिथेही पोचलं. रमजानच्या किंवा ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत शाळा-कारखान्यांत मुद्दाम निषिद्ध पदार्थ वाटले जायचे. ज्याने खाल्लं नाही, तो पकडला गेला. धार्मिक वळणाची नावं बदला, असा हुकूम १९७५ मध्ये निघाला. श्टेफेन कुर्ती नावाच्या पाद्र्याने कैदेत असताना एका आईच्या विनंतीवरून तिच्या बाळाचा बाप्तिस्मा केला. १९७१ मध्ये त्यांना गोळ्या घालून मारलं.

या बंदीची झळ कोलकात्यालाही लागली. मदर तेरेसा मूळच्या अल्बानियन. त्यांची आई आणि बहीण राजधानी तिरानात राहायच्या. त्यांना भेटायची परवानगी काही मिळाली नाही. आई १९७२ मध्ये गेली. १९८९ मध्ये तेरेसा तिथे पोचल्या, तेव्हा भेट झाली ती कबरींशी.

४ नोव्हेंबर १९९० ला श्कोडरच्या दफनभूमीत सिमोन युबानी या पाद्र्याने उघड्यावर मिसा केली. त्यांनी तुरुंगात २६ वर्षं काढली होती. १६ नोव्हेंबरला त्याच शहरातल्या जुन्या मशिदीत नमाज झाली.

दारं उघडली, पण मधल्या २३ वर्षांत एक पिढी मोठी झाली होती. आजीला प्रार्थना पाठ होत्या, नातवंडांना त्या कधी ऐकूही आल्या नव्हत्या, कारण मूल शाळेत चुकून बोललं तर अख्खं घर गोत्यात यायचं. म्हणून आईबाप गप्प राहिले. नास्तिक असणं हाही माणसाचा हक्कच. पण या मुलांनी नास्तिकता निवडली नव्हती. निवडण्यासारखं काही त्यांच्यापर्यंत पोचूच दिलं नव्हतं.