पवित्र टेकडीवरील कबरी

गॉथिक हा शब्द ऐकला की आम्हा गिरगावकरांच्या डोळ्यांपुढे बोरीबंदरचे स्थानक, हायकोर्टाची इमारत आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहतो. परंतु या साऱ्या वास्तू एकोणिसाव्या शतकातील. एका जुन्या शैलीचे ते पुनरुज्जीवन होते. मूळ गॉथिक शैली युरोपात बाराव्या शतकात जन्मली. टोकदार कमानी आणि छताचा भार पेलणाऱ्या दगडी फासळ्या ही तिची लक्षणे. तेथील राजघराण्यांनी आपल्या चिरविश्रांतीसाठी अशीच मंदिरे निवडली. पोर्तुगालमधील बाताल्याच्या मठात राजा पहिला जुआंव आणि राणी फिलिपा यांच्या कबरीवर दोघांच्या पाषाणमूर्ती हातात हात घेऊन पहुडलेल्या आहेत.

या परंपरेचे अखेरचे पाऊल मात्र आपल्या भूमीवरही उमटले आहे. जुन्या गोव्यातील मोन्ते सांतो, म्हणजेच पवित्र टेकडीवर, जपमाळेच्या मातेचे मंदिर आहे. 1544 ते 1549 या काळात ते बांधले गेले. गॉथिक शैलीच्या उतरत्या काळात पोर्तुगालात राजा मानुएल याच्या नावाने जी मानुएलीन शैली रूढ झाली, तिचे हे गोव्यातील दुर्मीळ उदाहरण होय. किल्ल्यासारखे गोल बुरूज, भिंतींवर दगडात कोरलेले जहाजाचे दोरखंड आणि द्वारमंडपाच्या छतातील फासळ्या पाहिल्या की समुद्रावरून आलेल्या लोकांचे हे मंदिर आहे हे सांगावे लागत नाही.

याच टेकडीवरून आफोन्सो द आल्बुकर्क याने 25 नोव्हेंबर 1510 रोजी गोव्याची लढाई पाहिली, असे तेथील शिलालेख सांगतो. हे मंदिर त्या विजयाचे स्मारक आहे. त्या विजयानंतर शहरातील मुसलमान स्त्रीपुरुषांची कत्तल झाली, हेही इतिहास सांगतो. स्मारकापुढे उभे राहताना दोन्ही गोष्टींचे स्मरण ठेवणे हे श्रद्धावंताचे कर्तव्य आहे.

आत राजाच्या नावाने राज्य करणारा गव्हर्नर गार्सिया द सा याची कबर आहे. 1549 साली पदावर असतानाच तो निवर्तला. वेदीजवळच्या भिंतीत त्याची पत्नी दोना कातारिना हिची संगमरवरी कबर असून तिच्यावर गुजरातच्या धर्तीचे नाजूक कोरीवकाम आहे. दोघांचा विधिवत विवाह झालेला नव्हता. कातारिना मृत्युशय्येवर असताना संत फ्रान्सिस झेवियर यांनी त्यांना विवाहसंस्कार दिला, असे परंपरा सांगते. त्यांची कन्या लिओनोर 1552 साली पतीसह पोर्तुगालला निघाली असता ‘सांव जुआंव’ हे जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावर फुटले आणि पुढील पायपिटीत तिचा अंत झाला. गव्हर्नराच्या लेकीला तेथील वाळूतच कबर लाभली.

परंतु टेकडीवरील खरी राजकबर या मंदिरात नाही. ती काही पावलांवर, संत ऑगस्टीनच्या मठाच्या भग्नावशेषांत होती. जांभ्या दगडाचा तो सुमारे 46 मीटर उंचीचा मनोरा आज अर्धाच उरला आहे. 1835 साली व्रतस्थांना गोवा सोडावा लागला, 1842 मध्ये छत कोसळले आणि 1931 मध्ये दर्शनी भिंत व अर्धा मनोरा ढासळला.

जॉर्जियातील काखेती राज्याची राणी केतेवान आपल्या मुलाच्या राज्यावरील संकट टळावे म्हणून इराणच्या शहा अब्बासकडे गेली आणि ओलीस म्हणून सुमारे दहा वर्षे तेथे राहिली. धर्म बदल, असा तिला हुकूम झाला. तिने नकार दिला. सप्टेंबर 1624 मध्ये शिराझ येथे तापलेल्या चिमट्यांनी तिचे हाल करून तिला ठार करण्यात आले. ती ऑर्थोडॉक्स पंथाची. तरीही तेथील कॅथलिक ऑगस्टिनियन संन्याशांनी तिला रक्तसाक्षी मानले आणि तिच्या अवशेषांचा एक भाग 1627 साली गोव्यास आणून आपल्या मठातील चॅपेलच्या खिडकीत दगडी पेटीत ठेवला. मठ पडला आणि राणी ढिगाऱ्याखाली गेली.

जुन्या पोर्तुगीज नोंदींच्या आधारे भारतीय पुरातत्त्व खात्याने शोध घेतला, तेव्हा 2004 साली तेथे हाताचे एक हाड सापडले. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील जनुकीय तपासणीत त्यात मातृवंशाची अशी खूण आढळली, जी भारतीयांच्या तपासलेल्या नमुन्यांत नव्हती, पण जॉर्जियातील लोकांत होती. जुलै 2021 मध्ये भारत सरकारने अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला अर्पण केला. चार शतकांनी राणी माहेरी परतली.

केतेवानसाठी आपले डोळे सहज पाणावतात. पण ज्या नगरीने तिला आश्रय दिला त्याच नगरीत 1560 पासून 1812 पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, इन्क्विझिशनचे न्यायासन बसत होते. श्रद्धेच्या नावाने माणसाच्या सदसद्विवेकावर बळजबरी करणे हे शिराझमध्ये पाप आणि गोव्यात पुण्य, असे कसे म्हणता येईल? पोप दुसरे जॉन पॉल यांनी 12 मार्च 2000 रोजी सत्याच्या सेवेसाठी वापरलेल्या हिंसेबद्दल जाहीर क्षमायाचना केली, ती याच प्रश्नाचे उत्तर होय.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे 3 डिसेंबरच्या सणाला बॉम जेजूसपुढील रांगेत उभी राहून परस्पर माघारी येतात. तेथून ही टेकडी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मुलाबाळांना घेऊन ती अवश्य चढावी. एका कबरीत सत्ता विसावली आहे, दुसरीत उशिरा लाभलेली कृपा, आणि तिसऱ्या, रिकाम्या खिडकीत ती साक्ष, जिला छत कोसळूनही गाडता आले नाही. मुलांना या तिन्ही गोष्टी सांगाव्यात, न वगळता.