राजाबाई टॉवर, १८९१ : आत्महत्या, खून आणि तिसरा रकाना

पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य पाठ असतं : शून्य गृहीतक नाकारता आलं नाही, म्हणजे ते खरं ठरलं असं नाही. परीक्षेत आपण हे बरोबर लिहितो. मात्र एखाद्या संशयास्पद मृत्यूची बातमी आली की हेच वाक्य विसरतो. आज मुंबईतल्या एका जुन्या प्रकरणातून ते समजून घेऊ. प्रकरण इतिहासातलं आहे, पण विज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्याही कामाचं आहे.

सीएसएमटीला उतरून ओव्हल मैदानाकडे गेलात तर मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर दिसतो. उंची सुमारे ८५ मीटर. प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून तो उभा राहिला, त्यांच्या आईचं नाव त्याला मिळालं आणि १८७८ मध्ये बांधकाम पूर्ण झालं. तेव्हा लोकांना वर जाऊन शहर बघता येत असे.

शनिवार, २५ एप्रिल १८९१. दोन तरुण पारशी स्त्रिया या टॉवरवरून खाली पडून मरण पावल्या. एक बचुबाई, म्हणजे पुढे कुलपांच्या कारखान्यामुळे प्रसिद्ध झालेल्या अर्देशीर गोदरेज यांची पत्नी. त्यांच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. दुसरी त्यांच्या नात्यातली पिरोजबाई. सुरुवातीला ही आत्महत्या समजली गेली. मग वेगळा संशय पुढे आला : वर कोणीतरी त्यांच्यावर अत्याचाराचा प्रयत्न केला आणि त्यातून त्यांचा खून झाला. माणेकजी अस्लाजी नावाच्या एका पारशी माणसावर खुनाचा खटला चालला. तो निर्दोष सुटला. शहरातली चर्चा मात्र थांबली नाही.

आता हे सगळं कोणत्या हवेत चाललं होतं ते बघा. साधारण महिनाभर आधी, मार्च १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा मंजूर झाला होता. मुलीचं संमतिवय १० वरून १२ वर नेणाऱ्या त्या कायद्यासाठी बेहरामजी मलबारी या पारशी पत्रकाराने मोठी मोहीम चालवली होती, आणि टिळकांसारख्यांनी त्याला कडाडून विरोध केला होता. त्याआधी काही वर्षं रखमाबाईंचा खटला गाजला होता. म्हणजे स्त्रीचं शरीर, तिची अब्रू आणि समाजाची इभ्रत यांवर मुंबई आधीच तापलेली होती. अशा वेळी 'आत्महत्या की खून' हा प्रश्न फक्त पुराव्याचा राहत नाही. आत्महत्या म्हटलं की घरावर बोट येतं. अब्रू वाचवताना जीव गेला म्हटलं की दु:खासोबत अभिमानही पदरात पडतो. एखादं उत्तर आपल्याला सोयीचं आहे म्हणून ते खोटं ठरत नाही, हेही लक्षात ठेवा. पण सोयीच्या उत्तराला पुरावा कमी पडला तरी चालतो, आणि धोका तिथेच असतो.

आता कायद्याकडे या. भारतीय पुरावा अधिनियम १८७२ चा, म्हणजे या घटनेच्या वेळी १९ वर्षं जुना. त्याच्या तिसऱ्या कलमात एक व्याख्या आहे, जी प्रत्येक संशोधकाने वाचायला हवी. वस्तुस्थितीबद्दल तिथे दोन नव्हे, तीन रकाने आहेत : शाबीत, नाशाबीत, आणि शाबीत न झालेली. न्यायालयाला गोष्ट आहे असं वाटलं, किंवा शहाणा माणूस ती आहे असं धरून चालेल इतकी ती संभाव्य असली, तर शाबीत. ती नाही असं त्याच मापाने ठरलं तर नाशाबीत. दोन्ही झालं नाही तर तिसरा रकाना. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही हे तीन रकाने कायम आहेत.

खुनाचा आरोप शाबीत झाला नाही, आरोपी सुटला. इथपर्यंत ठीक. पण यावरून आत्महत्या शाबीत होते का? नाही. 'या माणसाने खून केल्याचं सिद्ध झालं नाही' या वाक्यात दुसऱ्या कोणाबद्दल काही नाही, अपघाताबद्दल काही नाही आणि त्या दोघींच्या मनाबद्दल तर काहीच नाही. आणखी एक. दोघी पडल्या म्हणून दोघींच्या मृत्यूचं कारण एकच असायला हवं, असंही नाही. दोन मृत्यू म्हणजे दोन प्रश्न. चर्चेत मात्र त्यांचा एकच प्रश्न झाला, आणि उत्तराला रकाने दोनच उरले.

'विज्ञानाने उत्तर मिळालं नसतं का?' असं तुम्ही विचाराल. बारावीचं भौतिकशास्त्र आठवा. समजा कोणी ४० मीटर उंचीवरून पडलं. हवेचा विरोध सोडून दिला तर खाली यायला साधारण २.९ सेकंद लागतात. सुटताना आडवा वेग सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर माणूस भिंतीपासून सुमारे १.४ मीटरवर पडेल. वेग २ मीटर असेल तर ५.७ मीटरवर. म्हणजे अंतरावरून वेग काढता येतो. पण तो वेग कशाने मिळाला, हे अंतर सांगत नाही. जागेवरून घेतलेली उडी, धक्का, झटापटीत गेलेला तोल, या सगळ्यांतून मिळणारे वेग एकमेकांत मिसळू शकतात. मोजमाप बरोबर असूनही ते आपल्या प्रश्नाचं उत्तर नसतं.

हे नुसतं कागदावरचं नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ 'द गॅप' नावाचा समुद्रकडा आहे. १९९५ मध्ये तिथे एका तरुणीचा मृत्यू झाला. आधी आत्महत्या मानली गेली. पुढे रॉड क्रॉस या भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोग करून मत दिलं की इतक्या अंतरावर पडायला तिला कोणीतरी फेकलेलं असणार. २००८ मध्ये तिच्या मित्राला दोषी ठरवलं गेलं. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं आणि या तज्ज्ञ पुराव्यावर कडक टीका केली. मधली वर्षं त्या माणसाने तुरुंगात काढली. गणितातल्या गृहीतकांची किंमत कधीकधी अशी मोजावी लागते.

माझं घर मोरिवलीत. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात राहणाऱ्यांना वर्तमानपत्रातली एक ओळ ओळखीची आहे : 'पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आहे.' रुळांजवळ मृतदेह मिळाला की लोहमार्ग पोलीसही तीच नोंद करतात. ही ओळ वाचून बरेच जण म्हणतात, 'बघा, प्रकरण दाबलं.' प्रत्यक्षात ती नोंद म्हणजे निष्कर्ष नव्हे, चौकशीची सुरुवात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली पंचनामा होतो, जखमांची नोंद होते, मृत्यूचं दिसणारं कारण लिहिलं जातं आणि गरज असेल तर शवविच्छेदन होतं. पुढे गुन्हा दिसला तर गुन्हा दाखल होतो. चौकशी कधी ढिली असते, तिच्यावर प्रश्न जरूर विचारावेत. पण चौकशी पुरी व्हायच्या आत गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल लागलेला असतो, तो दोनच रकान्यांत. त्यात कोणाची तरी सून वेडी ठरते किंवा कोणाचा तरी नवरा खुनी.

तुमच्या कामासाठी यातून तीन गोष्टी घ्या. पहिली : 'अ की ब' असा प्रश्न हातात आला, तर अ खरं असताना कोणती नोंद दिसेल जी ब खरं असताना दिसणार नाही, हे आधी लिहून काढा. तसं काहीच सुचलं नाही, तर तुमचा विदा कितीही मोठा असला तरी तो निर्णय देणार नाही. दुसरी : सुटका, बंद झालेली फाईल, 'फरक आढळला नाही' असा निकाल, हे सगळे तिसऱ्या रकान्यातले असू शकतात. तिथेच राहू द्या. गाईडने विचारलं तर तसंच सांगा. तिसरी : साधनं कोणी तयार केली ते बघा. राजाबाई टॉवरच्या प्रकरणात पोलीस बोलतात, वकील बोलतात, संपादक बोलतात. त्या दोघी बोलत नाहीत. त्यांच्याविषयीच्या या साधनांतून त्यांचं मन वाचता येईल असं मानू नका.

पुढच्या वेळी ओव्हलजवळून जाल तेव्हा वर बघा. त्या दोघींच्या बाबतीत १३० हून अधिक वर्षांनंतरही प्रामाणिक उत्तर 'शाबीत न झालेली' हेच आहे. हे उत्तर अपुरं वाटतं, मान्य. तरीही त्यांच्या तोंडी आपलं उत्तर घालण्यापेक्षा ते बरं.