ऊर्जा समतोल प्रतिमान

ऊर्जा समतोल प्रतिमान हे पृथ्वीच्या हवामानाचे सर्वांत साधे गणिती प्रतिमान होय. पृथ्वीने सूर्याकडून शोषलेली ऊर्जा आणि तिने अवरक्त प्रारणाच्या रूपाने अवकाशात सोडलेली ऊर्जा दीर्घकाळात समान असते, या एकाच गृहीतकावर ते उभे आहे.

मूळ गणित

पृथ्वीच्या कक्षेत सूर्यकिरणांना लंब असलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,३६१ वॅट प्रारण पडते. पृथ्वी हे किरण वर्तुळाएवढ्या क्षेत्रावर झेलते. गोलाचे पृष्ठफळ त्या वर्तुळाच्या चौपट असल्याने सरासरी वाटा ३४० वॅट भरतो. त्यातील सुमारे ३० टक्के भाग ढग, हिम व जमीन परावर्तित करतात (या प्रमाणास अल्बेडो म्हणतात) आणि २३८ वॅट शोषले जातात. स्टेफान-बोल्ट्झमन नियमानुसार उत्सर्जन निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. त्यावरून पृथ्वीचे तापमान २५५ केल्विन, म्हणजे उणे १८ अंश सेल्सियस येते. प्रत्यक्ष सरासरी सुमारे १५ अंश आहे. हा ३३ अंशांचा फरक म्हणजे हरितगृह परिणाम.

प्रतिमानात अवरक्त प्रारण पूर्णपणे शोषणारा वातावरणाचा एक थर घातल्यास उत्तर ३० अंशांवर जाते. थर ७८ टक्के प्रारण शोषतो असे मानल्यास १५ अंश येते. ही ७८ टक्के संख्या मोजलेली नसून उत्तर जुळावे म्हणून निवडलेली आहे, हे ध्यानात ठेवावे.

विकास

कार्बन डायऑक्साइडमुळे होणाऱ्या तापमानवाढीचे गणित स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये मांडले. १९६९ मध्ये मिखाईल बुडिको आणि विल्यम सेलर्स यांनी स्वतंत्रपणे अक्षांशनिहाय प्रतिमाने रचली. त्यांत हिम वाढले की परावर्तन वाढते आणि थंडी आणखी वाढते, हे चक्र प्रथमच ठळकपणे दिसले. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास सुमारे ३.७ वॅट प्रति चौरस मीटर अतिरिक्त ऊर्जा अडते. बाष्प, हिम, ढग यांचे प्रतिसाद वगळल्यास तापमानवाढ एक अंशाहून थोडी अधिक येते. ते धरल्यास आंतरशासकीय समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार सर्वोत्तम अंदाज ३ अंशांचा आहे.

उल्हास खोऱ्यातील उदाहरण

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. तेथे सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यात, थेट माथ्यावर येतो. मे महिन्यातील अशा माध्यान्ही ३० टक्के अल्बेडो धरून तात्कालिक समतोल मांडला, तर अंबरनाथचे तापमान ८७ अंश निघते! उत्तर अर्थातच चुकीचे आहे. जमीन व हवा तापण्यास वेळ लागतो, उष्णता वाऱ्याबरोबर वर व दूर जाते, बाष्पीभवनात खर्च होते. हे प्रतिमान जागतिक सरासरीसाठी आहे, एका गावाच्या दुपारीसाठी नव्हे. समुद्रापासून दूर असलेले बदलापूर मे महिन्यात कुलाब्यापेक्षा अधिक का तापते, हेही ते सांगत नाही.

जुलैत सूर्य तितकाच माथ्यावर असूनही पारा उतरतो. दाट मोसमी ढगांचा अल्बेडो ०.६ हून अधिक असू शकतो. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकली व हजारांहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली, तेव्हाही सूर्य जवळजवळ माथ्यावरच होता. अशा पुराचे भाकीत या प्रतिमानातून निघत नाही. त्यातून सरासरी तापमानवाढ तेवढी मिळते. तापमानाच्या प्रत्येक अंशामागे हवेची बाष्पधारणक्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, हा दुवा बाष्पदाबाच्या वेगळ्या नियमावरून जोडावा लागतो.