हजेरीपटापासून दाखल्यापर्यंत : नागपूरच्या कष्टकऱ्यांच्या हक्कांची कहाणी

शासनाकडून मिळणाऱ्या सवलतींकडे आपल्या समाजात आजही दोन दृष्टींनी पाहिले जाते. काही जण त्यांना खैरात समजतात आणि स्वाभिमानी माणसाने त्या मागू नयेत असे म्हणतात. दुसरे काही जण त्यांना नशिबाचा भाग समजतात. ज्याची ओळख असेल त्याला मिळते, आपल्याला कोण विचारतो, असे म्हणून घरी बसतात. इतिहास पाहिला तर या दोन्ही समजुती टिकत नाहीत. या सवलती कोणी दयेपोटी वाटलेल्या नाहीत. त्यांच्यामागे कामगारांचे लढे, कायदेमंडळातील वाद आणि न्यायालयांचे निर्णय आहेत. आणि त्या कोणाला मिळाल्या याचा शोध घेतला, तर एक गोष्ट वारंवार समोर येते : सवलत नुसत्या गरिबाला मिळत नाही, ज्याची नोंद झाली आहे अशा गरिबाला मिळते. ही नोंद आपल्या नागपुरात कशी सुरू झाली, तिच्यातून कोण सुटले आणि का सुटले, हे पालकांनी व विद्यार्थ्यांनी समजून घेणे आवश्यक आहे.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. या गिरणीने १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी काढला आणि १८९५ पासून अपघातात जखमी झालेल्यांना भरपाई देण्यास प्रारंभ केला. देशात असा कोणताही कायदा नसताना हे घडले, ही नागपूरला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. परंतु या सोयी ज्याचे नाव गिरणीच्या हजेरीपटावर होते त्याच्यासाठीच होत्या. त्याच शहरात मोमिनपुऱ्यात आणि पलीकडे कामठीत उत्तर हिंदुस्थानातून आलेली मोमीन विणकरांची वस्ती होती. १८५७ नंतरच्या धामधुमीत यांपैकी अनेक घराणी इकडे आली. विणकर आपल्या घरी, आपल्या मागावर बसे. सूत सावकाराचे, कापड सावकाराच्या हवाली, आणि हिशोब सावकाराच्या वहीत. त्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नव्हते. तो गिरणी कामगाराइतकाच, किंबहुना अधिक राबत असे. पण कागदावर तो कामगारच नव्हता.

हा भेद स्वातंत्र्यानंतरही मिटला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्याच काळात प्रा. बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याविषयीचा आपला अहवाल १९४४ मध्ये सादर केला. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा तयार झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे ही योजना सुरू झाली आणि जुलै १९५४ मध्ये ती नागपुरात आली. आजच्या महाराष्ट्रात या योजनेचा पहिला मान मुंबईला नव्हे तर नागपूरला मिळाला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. विमा उतरलेल्या कामगाराला क्रमांक मिळाला, दवाखाना मिळाला, आजारपणात पगाराचा काही भाग मिळू लागला. परंतु ही योजना कारखान्यातील कामगारांची होती. एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन भावांपैकी एक गिरणीत आणि दुसरा घरच्या मागावर असेल, तर ताप दोघांना सारखाच येई, पण विम्याचा आधार एकालाच असे.

विडी कामगारांची कहाणी याहून बोलकी आहे. कामठी, भंडारा, गोंदिया हा सारा टापू विडीच्या धंद्याचा. कामठीचे बाबू हरदास यांनी विडी कामगारांना संघटित करण्याचे मोठे काम केले. १९३७ च्या निवडणुकीत ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि १९३९ मध्ये अल्पवयातच निवर्तले. १९३७ मध्येच या प्रांतात विडी, लाख व चामड्याच्या कारखान्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. कायदा चांगला होता, परंतु तो ठरावीक संख्येहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच लागू होता. त्यामुळे मोठे कारखाने मोडून लहान करण्याची आणि सट्टेदारामार्फत तेंदूपाने व तंबाखू घरोघर वाटून विड्या वळवून घेण्याची पद्धत वाढीस लागली. घरखात्याने काम करणारी ही माणसे, त्यांतही बहुसंख्य स्त्रिया, पुन्हा एकदा नोंदीबाहेर राहिल्या.

हे दार उघडायला तीस वर्षे लागली. १९६६ मध्ये संसदेने विडी व सिगार कामगारांसाठी कायदा केला आणि घरी विड्या वळणाऱ्यालाही कामगार मानले. कारखानदारांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. त्यातून दवाखाने, घरकुलासाठी साहाय्य आणि कामगारांच्या मुलामुलींसाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. पुढे १९८५ मध्ये घरखात्याच्या कामगारांना भविष्य निर्वाह निधीही लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. कागदावर सर्व काही मिळाले होते. मात्र त्याचा लाभ घेण्यासाठी कामगाराजवळ ओळखपत्र हवे होते, आणि ओळखपत्रासाठी मालकाच्या नोंदवहीत नाव हवे होते. घरात आई, दोन मुली आणि सून विड्या वळत, आणि वहीत नाव एकाचेच असे, बहुधा पुरुषाचे. ज्या मातेच्या बोटांनी आयुष्यभर विड्या वळल्या, तिच्या मुलाची शिष्यवृत्ती तिचे नाव वहीत नाही म्हणून बुडाली, असे प्रकार या धंद्यात नित्याचे होते.

आता शाळेकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर जुन्या मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आले. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना फी माफ करण्याची योजना सुरू झाली. वार्षिक १२०० रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या पालकांच्या मुलांना ती मिळू लागली आणि 'ई.बी.सी.' ही तीन अक्षरे घरोघर पोहोचली. या सवलतीचे वैशिष्ट्य असे की तिला जात-धर्माची अट नव्हती. उत्पन्नाचा दाखला पुरेसा होता. विणकर, टांगेवाला, हमाल, फळविक्रेता अशा कोणाच्याही मुलाला ती घेता येत होती. ज्या शाळेत मुख्याध्यापक किंवा कारकून तळमळीचा असे, तेथे प्रत्येक पात्र मुलाचा अर्ज भरला जाई. जेथे तसे कोणी नसे, तेथे मुले सहावी-सातवीतून गळत आणि दप्तर सोडून मागावर बसत. ही योजना पुढे राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाने चालू राहिली आणि तिची उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपयांपर्यंत नेण्यात आली.

१९८० मध्ये बॅ. अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री असताना राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. विधवा, अपंग, निराधार यांना दरमहा अनुदान मिळण्याची सोय झाली. येथेही प्रश्न कागदाचाच होता. पतीच्या मृत्यूची महानगरपालिकेत नोंद केलेली नसेल तर विधवा आपण विधवा आहोत हे कसे सिद्ध करणार? १५ वर्षांचा रहिवास दाखविणारा पुरावा भाड्याच्या खोल्या बदलत आयुष्य काढणाऱ्याने कोठून आणावा? दफन झाले, दुवा झाली, पण दाखला काढला नाही. आणि ज्या दिवशी गरज पडली त्या दिवशी धावपळ सुरू झाली.

या साऱ्या इतिहासात शिक्षणसंस्थेशी सर्वांत जवळचा प्रसंग १९९४ नंतरचा आहे. त्या वर्षी राज्य शासनाच्या निर्णयाने मुस्लिमांतील अनेक व्यावसायिक बिरादऱ्यांना इतर मागासवर्गाच्या सवलतींचा मार्ग मोकळा झाला. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांच्या पुढाकाराने चाललेल्या मुस्लिम ओबीसी चळवळीचा त्यात मोठा वाटा होता. दिलीपकुमारांसारख्या नामवंत कलावंतानेही या चळवळीला पाठिंबा दिला. परंतु जातीचा दाखला घेण्यास गेलेल्यांना एक अनपेक्षित अडचण आली. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख मानली जाते. कुटुंबाचा रहिवास आणि जात त्या तारखेपूर्वीच्या पुराव्याने दाखवावी लागते. असा पुरावा बहुधा आजोबांच्या किंवा वडिलांच्या शाळेतील दाखल-खारीज नोंदवहीत असतो. ती वही उघडली तर जातीच्या रकान्यात 'मुसलमान' एवढाच शब्द! मोमीन, जुलाहा, कसाई, पिंजारी, बागवान असे काहीच नाही. नाव घालणाऱ्या बापाने सांगितले नाही, लिहिणाऱ्या गुरुजींनी विचारले नाही. त्या वेळी त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता, पण एका शब्दाच्या उणिवेने तीन पिढ्यांनंतरच्या नातवाचा अभियांत्रिकीचा प्रवेश अडला.

नावांचीही तीच गत. नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असल्याने जुन्या नोंदी मराठीबरोबर हिंदी, उर्दू व इंग्रजीतही सापडतात. एकाच माणसाचे नाव एका कागदावर 'शे. रहीम', दुसऱ्यावर 'अब्दुल रहीम शेख' आणि तिसऱ्यावर 'मो. रहीम' असते. मुलीचे नाव शाळेत 'बानो', आधारपत्रावर 'बी' आणि बँकेत 'बेगम'. घरातल्या माणसांना ही एकच व्यक्ती आहे हे ठाऊक असते. अर्ज तपासणाऱ्याला ते कसे कळावे?

२००६ मध्ये न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल आला आणि मुस्लिम समाजाच्या शैक्षणिक स्थितीचे चित्र आकड्यांनिशी देशापुढे मांडले गेले. त्यानंतर केंद्र शासनाने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. २००८ च्या मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीत ३० टक्के वाटा मुलींसाठी राखला होता आणि पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वार्षिक १ लाख रुपये होती. अनेक घरांत मुलीच्या नावाने पहिले बँक खाते या शिष्यवृत्तीमुळे उघडले. पण सवलत कायमची असते असे समजू नये. २०२२-२३ पासून पहिली ते आठवीची ही शिष्यवृत्ती बंद झाली आणि ती नववी-दहावीपुरती ठेवण्यात आली. मौलाना आझाद संशोधनवृत्तीही २०२२ मध्येच थांबली. शिवाय २०२३ मध्ये देशभरातील १५७२ संस्थांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतील ८३० संस्था बनावट किंवा बंद असल्याचे अल्पसंख्याक मंत्रालयाला आढळले. गरीब मुलांच्या नावावर दलालांनी पैसे उचलले होते. जुन्या सट्टेदाराने कामगाराचे नाव लपविले, नव्या दलालाने मुलांचे नाव विकले. दोन्ही वेळी कागद दुसऱ्याच्या हाती होता.

पालक बंधू-भगिनींनो, या इतिहासातून घ्यायचा धडा अवघड नाही. मुलाचे नाव शाळेत घालताना संपूर्ण नाव, जन्मतारीख आणि बिरादरी अचूक लिहून घ्यावी आणि ती नोंद स्वतः वाचून पाहावी; शाळा सोडल्यानंतर त्यात बदल करणे फार कठीण असते. जन्म आणि मृत्यू यांची नोंद वेळीच करावी. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुने खरेदीखत, गिरणीचा किंवा विडी कामगाराचा कार्ड असा जो कागद घरात असेल, तो जीर्ण म्हणून टाकून देऊ नये. सर्व कागदांवर नाव एकसारखे आहे ना, हे पाहावे. उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या गर्दीत नव्हे, आधीच काढून ठेवावा. अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांसारख्या अधिसूचित सेवांसाठी मुदत ठरवून दिली आहे. मुदतीत काम झाले नाही तर अपील करता येते. पण ज्याच्याजवळ पोच नाही, त्याचे अपील कशावर उभे राहणार? आणि आपल्या खात्याचा किंवा आधारचा तपशील, अंगठ्याचा ठसा अनोळखी माणसाच्या हवाली करू नये.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरातील पहिले वाचणारे तुम्ही आहात असे पुष्कळांच्या बाबतीत खरे आहे. शेजारच्या निराधार चाचींचा अर्ज, विडी वळणाऱ्या खालाजानचे ओळखपत्र, धाकट्या भावंडांची शिष्यवृत्ती ही कामे तुम्ही एका सुट्टीच्या दिवशी करू शकता. शिक्षकांनीही प्रवेशाच्या नोंदवहीत लिहिताना आणखी एक प्रश्न विचारावा आणि आणखी एक शब्द लिहावा. आपल्या आजोबांची नावे सावकाराच्या वहीत कर्जाच्या रकान्यात होती. आपल्या मुलांची नावे हक्काच्या रकान्यात, स्पष्ट आणि बिनचूक लिहिली जावीत, यासाठी येत्या शैक्षणिक वर्षापासून प्रत्येक घराने व प्रत्येक शाळेने झटावे, हीच विनंती.