फाँट स्मूदिंग आणि स्क्रीनशॉट

फाँट स्मूदिंग म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील अक्षरांच्या कडा दातेरी दिसू नयेत म्हणून कडेच्या पिक्सेलना मधल्या छटा देण्याचे तंत्र होय. स्क्रीनशॉट घेतला की या छटाही चित्राचा भाग बनतात. त्यामुळे मजकूर, फाँट व आकार तोच असूनही दोन संगणकांवरील स्क्रीनशॉटमध्ये अक्षरे वेगळी दिसू शकतात.

प्रकार

करड्या छटांच्या पद्धतीत अक्षराने पिक्सेलचा जेवढा भाग व्यापला असेल, त्या प्रमाणात तो गडद किंवा फिका केला जातो. उपपिक्सेल पद्धतीत एलसीडी पडद्यावरील पिक्सेलच्या लाल, हिरव्या व निळ्या पट्ट्या स्वतंत्रपणे वापरल्या जातात. मायक्रोसॉफ्टने असे क्लिअरटाइप तंत्र १९९८ मध्ये जाहीर केले. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये ते उपलब्ध होते. ॲपलने २०१८ च्या मॅकओएस मोहावेपासून उपपिक्सेल पद्धतीऐवजी करड्या छटांची पद्धत स्वीकारली.

देवनागरी लिपी

तिन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी असल्याने उपपिक्सेल पद्धतीचा लाभ आडव्या दिशेत मिळतो. त्यामुळे काना व अक्षरांचे दंड रेखीव होतात. आडव्या शिरोरेषेला मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही. शिरोरेषा पिक्सेलच्या दोन ओळींमध्ये विभागली गेल्यास ती जाड पण फिकी दिसते. उदाहरणार्थ, 'कुरुंदवाड' हे गावाचे नाव लहान आकारात लिहिल्यास 'रुं'वरील अनुस्वार एक-दोन पिक्सेलचाच उरतो. तो फिका पडून शिरोरेषेत मिसळला, तर नाव 'कुरुदवाड' असे वाचले जाण्याचा संभव असतो. विंडोज २००० पासून देण्यात आलेला 'मंगल' हा र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला देवनागरी फाँटही स्मूदिंग चालू आणि बंद असताना वेगळा भासतो.

चित्र मोठे केल्यावर

उपपिक्सेल पद्धतीतील स्क्रीनशॉट मोठा केल्यास अक्षरांभोवती तांबूस व निळसर कडा दिसतात. पट्ट्यांचा क्रम वेगळा असलेल्या पडद्यावर, चित्र ९० अंशांत फिरवल्यावर किंवा छापल्यावरही हा दोष जाणवतो. जेपीईजी प्रकारात रंगांची माहिती सहसा कमी केली जात असल्याने कडा अधिक पसरतात. पीएनजी प्रकारात पिक्सेल जसेच्या तसे राहतात.

उपाय

छपाईसाठी किंवा पाठ्यसाहित्यासाठी स्क्रीनशॉट घेताना करड्या छटांची पद्धत निवडणे, मजकूर आधीच मोठा करून घेणे आणि चित्र पीएनजी प्रकारात साठवणे सोयीचे ठरते. दोन फाँटची तुलना करताना दोन्ही स्क्रीनशॉट एकाच संगणकावर, त्याच स्मूदिंगने घेणे आवश्यक असते. अन्यथा दिसणारा फरक फाँटचा की स्मूदिंगचा, हे ठरवता येत नाही.